काचेतली झडी

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावी दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या बातमीत दर उन्हाळ्यात असतातच. सावली या दोन्हींपासून दूर नाही. बोड्या तळापर्यंत आटतात, बांध्यांना पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, साइहा नदीच्या खोऱ्यात पाऊस पडत असतो. तिथे तो बाराही महिने पडतो, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. आपल्या झाडीपट्टीत पाऊसमान बाराशे ते चौदाशे मिलिमीटरच्या घरात, आणि तेही चार महिन्यांत उरकणारं. साइहाच्या जंगलात सावलीतलं तापमान पंचवीस अंशांच्या आसपास राहतं, आणि जमिनीवरचा पालापाचोळा कधीच वाळत नाही.

त्या पाचोळ्यात पिवळाधमक, जेमतेम दोन इंचांचा एक बेडूक राहतो. त्याचं शास्त्रीय नाव फायलोबेटिस टेरिबिलिस. डार्ट फ्रॉग म्हणून जगभरचे हौशी लोक काचेच्या हिरव्या पेटीत जे बेडूक पाळतात, त्या कुळातला हा सर्वांत विषारी. त्या हिरव्या पेटीला व्हिवेरियम म्हणतात. अशी पेटी सावलीत उभारता येते, आणि उभारण्यासारखी आहेही. मात्र तिच्यात डार्ट बेडूक आणून सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेटी कशी करायची आणि बेडूक का नको, हे दोन्ही या प्रकरणात सांगतो, कारण पहिलं नीट केलं की दुसरं आपोआप उमगतं.

काचेत झाड जगवण्याची युक्ती पूर्व लंडनमधल्या नॅथॅनिअल वॉर्ड या डॉक्टरच्या हाती १८२९ साली लागली. त्याला नेचे लावायची हौस होती, पण कोळशाच्या धुराने ते टिकत नसत. एका पतंगाचा कोष फुटताना पाहायचा म्हणून त्याने बाटलीतल्या ओलसर मातीत तो पुरून बाटली झाकून ठेवली. कोषाचं काय व्हायचं ते झालं, पण मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं वर आलं आणि पाणी न घालता वाढत राहिलं. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमत होती आणि तिचेच थेंब परत मातीत मुरत होते. वॉर्डने काचेच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ साली रोपांनी भरलेल्या अशा दोन पेट्या लंडनहून जहाजाने सिडनीला गेल्या आणि रोपं जिवंत पोचली. पुढे चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला तो अशाच पेट्यांतून, रॉबर्ट फॉर्च्यूनने आणलेला.

मलेरियाशी आजही झुंजणाऱ्या या भागाने यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. क्विनीन ज्या सिंकोनाच्या सालीतून निघतं, त्याची रोपं १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅमने दक्षिण अमेरिकेतून वॉर्डच्या पेट्यांत भरून भारताकडे आणली. वाटेत तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात काचेआड ती होरपळली आणि उटीला पोचलेली बहुतेक मेली. नीलगिरीतली सिंकोनाची लागवड उभी राहिली ती रिचर्ड स्प्रूसने इक्वेडोरमधून मिळवलेल्या लाल सालीच्या जातीवर. बंद काचेची पेटी ओल राखते, पण उष्णता रोखत नाही, उलट साठवते. सावलीत पेटी करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून मनात ठेवलं पाहिजे.

आता पेटी. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच एवढी घ्यावी. फार लहान पेटी लवकर तापते आणि लवकर सुकते. काच पाच-सहा मिलिमीटर जाडीची, सांधे सिलिकॉनचे आणि दार पुढून उघडणारं. मत्स्यालयं बनवणारा कोणीही कारागीर हे करून देईल. वरच्या झाकणात चार बोटं रुंदीची पट्टी मोकळी ठेवून तिथे बारीक जाळी लावून घ्यावी. जागा घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशी. खिडकीजवळ अर्धा तास ऊन आलं तरी आतली रोपं शिजतात. प्रकाशासाठी पांढरा एलईडी दिवा झाकणाच्या वर, पेटीच्या बाहेर, दिवसाला दहा-बारा तास.

पेटीचं खरं मर्म तळाशी असतं. वरून दिसतात त्या वेली आणि शेवाळ. त्यांचं जगणं-मरणं खालच्या चार-पाच इंचांत ठरतं. सर्वांत खाली निचऱ्याचा थर. परदेशी पुस्तकं यासाठी भाजलेल्या मातीच्या फुगीर गोळ्या सांगतात. आपल्याकडे कवेलू आहेत. स्लॅबची घरं झाली तशी उतरवलेली जुनी कवेलू गावोगाव अंगणात रचून पडलेली असतात. ती फोडून बोराएवढे तुकडे करावेत, धूळ जाईपर्यंत धुवावेत आणि दीड-दोन इंच पसरावेत. भाजलेली माती सच्छिद्र असते, पाणी धरते आणि सोडतेही. एका कोपऱ्यात सलाईनची नळी उभी ठेवून द्यावी, म्हणजे साचलेलं पाणी पुढे ओढून काढता येतं. कवेलूच्या थरावर मच्छरजाळीचा तुकडा कडेपर्यंत बसवायचा. ही जाळी घालायची राहिली तर वरची माती खाली उतरून निचऱ्यात बसते, पाणी आणि माती एक होतात आणि दोन महिन्यांत पेटी उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेविना कुजणाऱ्या मातीतून तो वायू निघत असतो. मग सगळं उपसण्यावाचून इलाज उरत नाही.

जाळीवर माती. पण शेतातली काळी माती नव्हे. ती ओली राहिली की लोण्यासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. अमेरिकेतल्या अटलांटा वनस्पती उद्यानात यासाठी तयार झालेलं एक मिश्रण जगभर वापरतात. त्यात वृक्षनेच्याचे तंतू, पीट, कोळसा, स्फॅग्नम शेवाळ आणि झाडाची साल असते. वृक्षनेचे संरक्षित आहेत, आणि त्यांची गरजही नाही. नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, कोकोपीट, चुलीतला नव्हे तर नीट विझवलेला लाकडी कोळसा आणि झाडाच्या सालीचे तुकडे एवढ्यावर काम होतं. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते दोन-तीनदा भिजवून पिळून काढावं. मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबलं तर दोन-चार थेंब गळावेत आणि मूठ उघडली की गोळा आपोआप मोकळा व्हावा. असं झालं की मिश्रण जमलं. तीन इंचांचा थर पुरे, मागच्या बाजूला थोडा चढ देऊन.

मातीवर पाचोळा, आणि हा थर कोणी कमी लेखू नये. पेटीतला सगळा कारभार इथे चालतो. शाळेच्या आणि पंचायतीच्या आवारात देशी बदामाची झाडं असतात. त्यांची लाल होऊन गळलेली पानं परदेशात पाकिटातून विकली जातात. ती घ्यावीत, जोडीला पेरू आणि फणसाची. सागाचं पान फार मोठं. ते सबंध टाकलं तर खालची माती गुदमरते, म्हणून चुरून टाकावं. बिब्याचं पान, लाकूड, काहीच नको. त्याचा चीक अंगावर फोड उठवतो. धानाच्या किंवा कापसाच्या शेताच्या कडेचा पालाही नको, तिथे फवारणी झालेली असते. त्याच कारणासाठी पाणी शिंपडायला शेतातला पंप कितीही धुतला तरी वापरू नये. कुंड्यांसाठी मिळतो तो नवा हातपंप घ्यावा. राखीव जंगलातून किंवा ताडोबाच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही. पानं उकळून, वाळवून मग पसरावीत. लाकूड हवं असेल तर आरा मशीनवर सागाचे वाकडेतिकडे तुकडे मिळतात. सागवान ओलीत पुष्कळ टिकतं. बांबू दिसायला छान, पण पेटीत लवकर बुरसतो आणि कुजतो.

रोपांचं फार अवघड नाही. मनीप्लांट, सिंगोनियम, काचेवर चढणारी बारक्या पानांची फायकस, पेपेरोमिया, नेचे, आणि हंसराज. हंसराज जुन्या विहिरींच्या आतल्या अंगाला वाढतो, पण रोपवाटिकेतून आणलेलं रोप लवकर रुळतं. पावसाळ्यात भिंतीवर येणारं शेवाळ खरवडून लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपलं भिंतीवरचं शेवाळ वाळून बसायला आणि पहिल्या सरीला पुन्हा हिरवं व्हायला सरावलेलं असतं. बारमाही ओल दिली की ते अनेकदा काळं पडतं. ब्रोमेलियाड मात्र मुद्दाम आणावं. ही अमेरिकेतली झाडं, अननसाच्या कुळातली, आणि त्यांच्या पानांच्या बेचक्यात पेलाभर पाणी साठतं. डार्ट बेडकांचा संसार याच पाण्यावर चालतो. पेटीची जाळी बारीक आणि दार घट्ट असलंच पाहिजे, नाहीतर त्या पेल्यात डास वाढतील. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं. बोअरच्या जड पाण्याने काचेवर आणि पानांवर पांढरे डाग चढतात.

रोपं लावून झाली की पेटी लगेच बंद करून तिच्याकडे नुसतं बघत बसावं लागतं, महिना-दोन महिने. दुसऱ्या आठवड्यात लाकडावर पांढरी बुरशी चढते आणि लोक घाबरतात. तिला खाणारे जीव आपल्या पायाखालीच असतात. कुंडी उचलली की तिच्या बुडाशी मिठाच्या कणाएवढे पांढरे किडे टुणकन उडतात, ते स्प्रिंगटेल. बुरशी आणि कुजकं पान हेच त्यांचं अन्न. स्वच्छ कुंडीखालचे चमचाभर आत सोडले की काही आठवड्यांत ते पसरतात. पानाची आधी चाळण होते, मग नुसत्या शिरा उरतात, मग भुगा, आणि त्या भुग्यातून नेच्याचं नवं पान गुंडाळी उलगडत वर येतं. भिंग घेऊन हे बघावं. जंगलाची जमीन कशी तयार होते हे मला कोणत्याही चित्रातून इतकं स्पष्ट कळलेलं नाही.

आता ज्यांच्यासाठी ही पेटी जगभर बनते त्या बेडकांकडे येऊ. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत या कुळाच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत: निळ्या, लाल, हिरव्या-काळ्या, पिवळे पट्टे असलेल्या. टेरिबिलिसचं शास्त्रीय वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झालं. कोलंबियातले एम्बेरा लोक या बेडकाच्या पाठीवर फुंकनळीच्या बाणांची टोकं घासत आणि शिकार करत. पण बाणांसाठी वापर झालेल्या जाती जेमतेम तीन. नाव मात्र सगळ्या कुळाला चिकटलं. एका टेरिबिलिसच्या अंगातलं विष सुमारे दहा माणसांना पुरेल असा अंदाज आहे. जॉन डेली या रसायनशास्त्रज्ञाने या विषांवर आयुष्यभर काम केलं. पेटीत जन्मलेल्या आणि फळांवरच्या चिलटांवर वाढलेल्या बेडकांत विष नसतं. ते विष बेडूक स्वतः बनवत नाही. जंगलातल्या मुंग्या, बारीक कोळी (माइट) आणि भुंगेरे खाऊन ते अंगात साठतं. थोडक्यात, ते विष त्या पाचोळ्याचं आहे. पाचोळा सुटला की विषही गेलं.

त्यांचं पिल्लांना वाढवणं तर याहून थक्क करणारं. मादी पानावर मोजकीच अंडी घालते, पुष्कळ जातींत नर ती ओली ठेवतो. डिंभ बाहेर आले की ते बापाच्या नाहीतर आईच्या पाठीवर चढतात आणि त्यांना उचलून पाण्यात नेलं जातं. मध्य अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरी बेडकाची मादी एकेका डिंभाला ब्रोमेलियाडच्या वेगवेगळ्या पेल्यात सोडते आणि दर काही दिवसांनी तिथे परत जाऊन त्याला खायला न फळलेलं अंडं घालते. कोणतं पिल्लू कोणत्या झाडावर, हे तिला ठाऊक असतं.

अशा प्राण्याला सावलीत ठेवायचं तर पहिला प्रश्न उष्णतेचा. त्याला २२ ते २७ अंश मानवतात. तीस अंशांच्या वर काही तास गेले की जीव धोक्यात. मे महिन्यात आपण घरात कुलर लावतो तो चालतो, कारण हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण त्याने खोली तिशीच्या आसपास येते, त्याखाली फारशी नाही, आणि बंद पेटी खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरमच असते. मृग लागूनही पाऊस लांबला, हवा दमट झाली आणि पारा मात्र चाळीसच्या खाली यायला तयार नाही, की कुलर नुसता वारा फेकतो. उरतो एसी, रात्रंदिवस. आणि वादळात तार तुटून वीज गेली की त्या दुपारी पेटीत काय होईल हे मार्कहॅमच्या रोपांनी आधीच सांगून ठेवलं आहे. रोप मेलं तर दुसरं लावता येतं. अंडं घालायला प्रत्येक पिल्लाकडे परत जाणाऱ्या आईच्या बाबतीत मला तसं म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. या बेडकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८७ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेली दुरुस्ती तोच करार देशात लागू करते. परवान्याशिवाय आयात नाही, आणि कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. बाजारात कोणी कागदपत्रांविना असा बेडूक विकत असेल तर तो बहुधा चोरवाटेने आलेला असतो, आणि त्या वाटेवर एक पोचतो तेव्हा बरेच वाटेत मेलेले असतात.

तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर बेडूक मरत होते आणि कारण सापडत नव्हतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या डार्ट बेडकाच्या कातडीतून एक बुरशी वेगळी काढता आली आणि १९९९ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. कायट्रिड नावाने ती आता ओळखली जाते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ही बुरशी तीच वाट बंद करते आणि शेवटी हृदय थांबतं. २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे पाचशेहून अधिक उभयचर जाती तिने घटवल्या आणि त्यांतल्या सुमारे नव्वद बहुधा कायमच्या गेल्या. बेडकांचा व्यापार ही तिच्या प्रसाराची मोठी वाट. पश्चिम घाटात ती आढळली आहे, पण तिथे अमेरिकेसारखी मरतूक दिसलेली नाही. तिला गारवा मानवतो. २८ अंशांच्या वर तिची वाढ थांबते. म्हणजे जो उन्हाळा डार्ट बेडकाला सावलीत जगू देत नाही, तो या बुरशीलाही सुखाने राहू देत नसणार. पण आपल्या पावसाळी रात्री आणि हिवाळा तिला चालतील असेच आहेत. म्हणून बाहेरून आलेल्या कोणत्याही पेटीचं पाणी बोडीत, नालीत किंवा बांधीत ओतायचं नाही. उकळून मग टाकायचं.

आणि बेडूक पाहायचेच असतील तर सावलीला ते कमी आहेत का? पहिला मोठा पाऊस झाला की आसोलामेंढा तलावापासून गावामागच्या बोडीपर्यंत सगळीकडे तेच. मोठ्या बेडकाचा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. त्यांच्या तंगड्या एकेकाळी हजारो टनांनी परदेशी जात. ती निर्यात १९८७ साली थांबली. रोवणीच्या बांध्यांत नखाएवढा मायक्रोहायला बेडूक किर्र आवाज करतो, त्याचे डिंभ इतके पारदर्शक की आतलं आतडं दिसतं. घरात न्हाणीच्या कोपऱ्यात किंवा रांजणामागे बसणारा फिकट तपकिरी झाडबेडूक तर सगळ्यांच्या ओळखीचा. उन्हाळ्यात तो आपल्या अंगातून निघणारा स्राव पायांनी सगळ्या अंगाला पुसून घेतो, त्यामुळे कातडीतलं पाणी कमी उडतं. पावसात त्याची मादी पाण्याच्या वर, पानाला किंवा हौदाच्या भिंतीला, मागच्या पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते. फेसाची वरची साय वाळते, आतली ओल टिकते आणि काही दिवसांनी डिंभ खालच्या पाण्यात टपटप पडतात.

बिळात राहणाऱ्या बेडकाच्या मागच्या टाचेला कठीण फावडं असतं. तो उलटा, पाठमोरा, अंग दोन्ही बाजूंना वळवत जमिनीत उतरतो. आधी कंबर जाते, मग पोट, शेवटी डोळे. कोरडे महिने तो तिथे काढतो. साइहाच्या बेडकाला बारमाही ओल लागते, झाडीपट्टीतल्या बेडकाला थांबता येतं, आणि त्याच्या अंगाची सगळी घडण या थांबण्यासाठी झाली आहे. त्याला पकडून काचेत घालणं त्याच्या दृष्टीने नको; कधीच न संपणाऱ्या झडीत तो काय करणार? त्याला लागते ती उन्हाळ्यात न उकरलेली जमीन, सिमेंट न केलेला बोडीचा काठ आणि फवारणीविना राहिलेला एखादा धुरा. मलेरियाच्या भागात घराजवळ मुद्दाम पाणी साचवू नये, पण बेडकांसाठी सांदवाडीच्या सावलीच्या कोपऱ्यात उरलेली कवेलू तिरपी रचून त्यांवर पेटीतून निघालेला जास्तीचा, उकळून घेतलेला पाचोळा टाकता येतो. रोज संध्याकाळी तिथे तांब्याभर पाणी शिंपडलं तरी पुरतं.